कोयनेच्या काठाने दोघांचा मोटारप्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि लग्नानंतर बावीस वर्षांनी आम्ही दोघंच गाडीत बसून पाच दिवस फिरलो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. महाबळेश्वरला जिथे कोयना उगम पावते तिथून सुरुवात केली आणि कराडला ती कृष्णेला मिळते तिथे शेवट. वाटेत सह्याद्रीचे घाट आणि अडवलेल्या पाण्याचे पाच-सहा काठ. परतल्यापासून नात्यातली, ओळखीची, सोसायटीतली जोडपी तेच तेच प्रश्न विचारतायत. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे.

प्रवास नेमका कुठून कुठे, आणि किती दिवसांचा?

पाच दिवस, चार मुक्काम. पहिल्या दिवशी पुण्याहून वाई, मेणवली, धोम धरण, पसरणी घाट चढून पाचगणी, आणि महाबळेश्वरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वर आणि तिथून तापोळा, मुक्काम तापोळ्यालाच. तिसऱ्या दिवशी परत वर येऊन केळघर घाटाने मेढा, कण्हेर धरणाच्या पाण्याकडेने सातारा, यवतेश्वरचा घाट चढून कास आणि खाली बामणोली. चौथ्या दिवशी सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगर. पाचव्या दिवशी कराडवरून घरी.

सगळं मिळून सहाशे किलोमीटरच्या आसपास होतं. आकडा लहान वाटतो, पण यातला बराच रस्ता घाटाचा आहे आणि घाटात तासाला पंचवीस-तीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ. नकाशावर तापोळा आणि बामणोली एकाच पाण्याच्या काठावर, अगदी जवळ दिसतात. बोटीने ती जवळच आहेत. गाडीने मात्र डोंगर चढून, घाट उतरून, पुन्हा चढून जावं लागतं. हे आधी लक्षात घेतलं नाही तर तिसऱ्या दिवशी वैतागाल.

तीन दिवसांत उरकता येईल का?

येईल, पण मग हा प्रवास करू नका, फक्त महाबळेश्वर करा. मला हे अगदी मनापासून सांगायचंय. एका दिवशी एकच पाणी बघायचं आणि त्याच्या काठावर संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही काढायच्या, एवढा एकच नियम आम्ही केला होता. दुपारचं धरणाचं पाणी सगळीकडे सारखंच दिसतं, चकचकीत आणि डोळ्यांवर येणारं. सकाळी साडेसहाला तापोळ्याच्या काठावर धुकं पाण्याला टेकलेलं असतं, समोरचा डोंगर नुसता कमरेच्या वर दिसतो आणि पलीकडच्या गावातला कोंबडा ऐकू येतो. हे बघायला आदल्या रात्री तिथे राहावं लागतं.

कधी जावं?

सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. पावसाळा नुकताच सरलेला असतो, कोयना धरणामागचा शिवसागर जलाशय भरलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि दरडींची भीती कमी झालेली असते. कास पठारावरची फुलं बघायचीच असतील तर सप्टेंबर गाठा. ऑक्टोबर उजाडला की बहर ओसरायला लागतो. आम्हाला शेपटी मिळाली, तीही पुरेशी होती. स्ट्रॉबेरी खायची असेल तर डिसेंबरनंतर जा. एप्रिल-मे मध्ये पाणी खूप मागे सरतं, काठ उघडे पडतात आणि बोटीपर्यंत उतरायला लांब चालावं लागतं.

जुलै-ऑगस्टमध्ये या भागात हौसेने गाडी काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. साताऱ्याकडच्या वर्तमानपत्रांत पावसाळाभर रोज कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांचे मिलिमीटर छापून येतात; ते आकडे एक आठवडा वाचले तरी माझं म्हणणं पटेल. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसं गाडली गेली. धबधबे बघायला गेलेल्या माणसांमुळे तिथल्या यंत्रणेवर आणखी भार पडतो.

घाटात गाडी चालवायची सवय नाही. जमेल का?

पसरणी घाट रुंद आहे, रहदारीचा आहे, तिथे सराव होतो. केळघर घाट त्याहून अरुंद. खरी परीक्षा महाबळेश्वर ते तापोळा या उताराची. अंतर तीस किलोमीटरच्या आतबाहेर, पण सतत उतार, वळणं आणि मधेमधे एकेरी वाटावा असा रस्ता.

आमची चूक सांगते. नवरा गाडी चालवत होता, तिसऱ्या गिअरमध्ये, आणि प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत होता. अर्ध्या वाटेवर रबर जळल्यासारखा वास यायला लागला. मला वाटलं बाहेर कुणी काही जाळतंय. काचा वर केल्या तरी वास जाईना. एका पत्र्याच्या टपरीपाशी गाडी घेतली तर पुढच्या चाकांतून हलका धूर. नवरा पाण्याची बाटली घेऊन निघाला, तर टपरीवाले काका चुलीपासून उठून आले आणि म्हणाले, ‘‘पानी नका मारू, गार हुद्या आपसूक. आन ज्या गेरात चढता, त्याच गेरात उतरायचं.’’ अर्धा तास बसलो, दोन-दोन चहा झाले. पुढचा सगळा उतार दुसऱ्या आणि पहिल्या गिअरमध्ये उतरलो, ब्रेकला पाय क्वचितच लागला. ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिच्यात खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा, घाटात शोधू नका.

बाकी नियम जुनेच आहेत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचा. धुक्यात दिवे खाली ठेवायचे. लांबचे दिवे लावले की समोर पांढरी भिंतच उभी राहते. मागे एसटी आली तर बाजूला होऊन तिला पुढे जाऊ द्या आणि तिच्या मागे चला. त्या चालकांना घाटाचं वळण न् वळण पाठ असतं.

दोघांपैकी एकालाच गाडी येते. चालेल का?

चालेल, पण चालवणाऱ्याला दर दीड तासाने उतरवा. शिवाय चालवणाऱ्याला दृश्य दिसत नाही ही गोष्ट दुसऱ्याने विसरू नये. ‘‘ते बघ, ते बघ’’ असं वळणावर ओरडायचं नाही. जागा बघून गाडी थांबवायला सांगायची. आम्ही दोघंही चालवतो, तेव्हा चढ माझ्याकडे आणि उतार त्याच्याकडे अशी वाटणी होती. त्या धुरानंतर ती उलट झाली.

महाबळेश्वरला काय बघावं?

पॉइंट सगळ्यांना माहीत आहेत. वेण्णा तलावावर सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, तो तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधवून घेतला, एवढं सांगून पुढे जाते. माझ्या मते या प्रवासात चुकवू नये असं एकच ठिकाण, क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी तिथे एकत्र येऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतं. धार मनगटाएवढी. मी ओंजळ धरली. इतकं गार पाणी होतं की बोटं बधिर झाली. पुढचे चार दिवस जे अफाट पाणी बघणार होतो त्याची सुरुवात या धारेतून मानतात, हे डोक्यात ठेवून पुढे गेलो आणि त्यामुळे सगळा प्रवास एका दोऱ्यात ओवला गेला.

पहिल्या दिवशी हाताशी वेळ असेल तर पाचगणीजवळच्या भिलारला थांबा. २०१७ सालापासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत, ओसरीवर पुस्तकं मांडलेली असतात आणि कुणीही बसून वाचावं. आम्ही दोघं एका घराच्या पडवीत तासभर वाचत बसलो, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, आणि तो तास फार छान गेला.

तापोळा की बामणोली? दोन्हीकडे तेच पाणी आहे ना?

पाणी तेच. कोयना धरणामागचा शिवसागर जलाशय सुमारे पन्नास किलोमीटर लांब आहे. तापोळा त्याच्या उत्तरेच्या टोकाकडे, बामणोली थोडं खाली. पण दोन्हींची जात वेगळी. तापोळ्याला दऱ्या जवळ येतात, पाणी अनेक बोटांनी डोंगरात शिरलेलं दिसतं. सोळशी नदी तिथेच कोयनेला मिळते. पलीकडच्या गावांना जाण्यासाठी तिथे तराफा आहे, त्यावर माणसं, दुचाक्या, जीपगाड्या, कधी शेळ्यासुद्धा जातात. काठावर बसून तराफ्याची एक फेरी बघा. शाळेच्या पोरांना, दूधवाल्यांना, बाजार करून परतणाऱ्या बायकांना हे पाणी म्हणजे रोजचा रस्ता आहे, हे तेव्हा कळतं.

बामणोली त्यामानाने मोकळी, पसरलेली. वासोटा किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटी तिथून सुटतात म्हणून शनिवार-रविवारी गजबज असते. एकच निवडायचं असेल तर मी तापोळा निवडेन. नवरा बामणोली म्हणेल. तिथली संध्याकाळ त्याच्या मनातून अजून गेलेली नाही.

बोटीत बसताना काय काळजी घ्यावी?

लाइफ जॅकेट अंगात घालून बंद बांधा, मांडीवर ठेवू नका. दुपारनंतर वारा उठतो, तेव्हा सकाळची फेरी बरी. दर बोट क्लबच्या फलकावर लिहिलेले असतात आणि ते बहुधा पूर्ण बोटीचे असतात. दोघंच असाल तर दुसरं एखादं कुटुंब मिळेपर्यंत थांबलात तर भाडं वाटून जातं. आम्ही थांबलो नाही, पूर्ण बोट घेतली, आणि त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

शिवसागरच्या पाण्याखाली गावं आहेत, हे खरं का?

खरं आहे. आणि हे माहीत नसताना या पाण्यावर जाऊ नये असं मला वाटतं.

कोयना धरण १९६४च्या सुमाराला पूर्ण झालं. त्याआधी ही सगळी कोयना खोऱ्याची वस्ती होती. नदीकाठची भातखाचरं, देवळं, आड, पाणंदी. पाणी चढायला लागलं तशी माणसं उठली. काही वर डोंगरात सरकली, काहींना सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा लांबच्या जिल्ह्यांत जमिनी दाखवल्या गेल्या. कित्येकांचा जमिनीचा हक्क अजूनही निकाली निघालेला नाही, डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाने त्यासाठी केलेली आंदोलनं वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना आठवत असतील. जी माणसं वर सरकली, त्यांच्या घरांतले तरुण पुढे मुंबईला गेले. म्हणून गणपतीत आणि यात्रेला ही गावं भरतात, एरवी म्हातारी माणसं आणि लहान मुलं.

आमचा नावाडी साठीचा असेल. बामणोलीहून निघून वीसेक मिनिटं झाल्यावर त्याने इंजिन बंद केलं. मला वाटलं काही बिघडलं. बोट नुसती डुलत राहिली. तो म्हणाला, ‘‘ताई, आत्ता आपन आमच्या जुन्या गावावर हाय. ह्या हितं खाली आमचा आड व्हता. मी बघितला न्हाई, माझ्या आयनं दावला, असंच बोटीतनं.’’ आईने बोटीतून पाण्याकडे बोट करून मुलाला आड दाखवला. मी वाकून बघितलं. हिरवं-काळं पाणी, त्यात माझंच डोकं. नवऱ्याने हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. दोन-तीन मिनिटं कुणीच बोललं नाही, मग नावाड्याने दोरी ओढून इंजिन सुरू केलं.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत काही लोक पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. वर्षातले थोडे महिने का होईना, आपल्याच बुडालेल्या शिवारात पाय ठेवता येतो. पूर्ण बोट घ्या म्हणते ते यासाठी. दोघंच असलात की नावाडी बोलतो.

तलावात पोहता येईल का?

नाही. काठ दिसतो तसा सरळ उतरत नाही, एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्या पावलावर डोक्याच्या वर. तळाला गाळ आणि जुन्या झाडांचे बुंधे आहेत. चांगले पोहणारेही अशा पाण्यात गेलेले आहेत. पाय बुडवून बसा.

कासला आरक्षण लागतं का? तिथे बघायचं काय?

फुलांच्या मोसमात ऑनलाइन आरक्षण करून जावं; रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे आणि व्यवस्था आसपासच्या गावांतली मंडळी बघतात. शनिवार-रविवार टाळा, एवढ्याने निम्मा त्रास वाचतो. ‘पश्चिम घाट’ म्हणून २०१२ साली ज्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे.

अनेक जण तिथे उभं राहून ‘फुलं कुठायत?’ असं विचारतात, कारण त्यांनी फोटोत जांभळे-पिवळे गालिचे बघितलेले असतात. गालिचा कधी असतो, कधी नसतो. कासची खरी गंमत गुडघ्यांवर बसून कळते. वर जांभ्याचा कातळ, त्यावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती. एवढ्याशा मातीत झाड कसं वाढणार? म्हणून सगळी पिटुकली झुडपं आणि पावसाळ्यापुरतं जगणारी फुलं. मातीत नत्र कमी, तेव्हा काही वनस्पतींनी किडे खाऊन ती भूक भागवायची सोय करून घेतली. सीतेची आसवं हे निळं-जांभळं फूल दिसायला इतकं नाजूक, पण त्याच्या मुळापाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात. मला एका पानावर चिलटाएवढा किडा अडकलेला दिसला, अजून पाय हलवत होता. त्याशिवाय गेंदाची पांढरी बोंडं, तेरड्याची गुलाबी लाट, सोनकीचा पिवळा. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तिची पाळी आहे का ते जाण्याआधी विचारून घ्या.

पायवाट सोडून एक पाऊलही आत टाकू नका. फुलांत बसून फोटो काढणारं एक जोडपं आम्ही बघितलं. ती दोघं उठल्यावर तिथे दोन माणसांच्या आकाराचे खड्डे उरले होते आणि मला खरंच वाईट वाटलं. पठाराच्या खाली कास तलाव आहे, साताऱ्याला पिण्याचं पाणी तिथून जातं. तिथे हात-पाय, भांडी धुऊ नका.

वासोटा दोघांना झेपेल का?

दोघंही रोज तासभर चालत असाल तर झेपेल. पावसाळ्यात किल्ला बंद असतो, आम्ही गेलो तेव्हा उघडलेला नव्हता. नवऱ्याने तो पूर्वी मित्रांबरोबर केलाय, त्याच्या अनुभवावरून सांगते. किल्ला कोयना अभयारण्यात आहे, म्हणून बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. तिथून बोटीने तास-दीड तास, मग दाट जंगलातून चढ. सोबत नेलेल्या प्लास्टिकची मोजदाद होते आणि येताना तेवढं दाखवावं लागतं, हे फार चांगलं आहे. गवे आहेत, अस्वलं आहेत, तेव्हा गप्पा मारत पण आरडाओरडा न करता चाला. सकाळी पहिल्या बोटीने निघा, म्हणजे अंधाराआधी परत येता येतं. ताई तेलिणीने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेला ज्या किल्ल्यावरून कित्येक महिने झुंजवलं तो हाच. वर पोचून बाबूकडा बघितला की ते कसं शक्य झालं हे समजतं. वासोटा करणार असाल तर एक दिवस वाढवा.

कोयनानगरला धरणाव्यतिरिक्त काय आहे?

मुळात धरण नीट बघितलंत तर त्यातच दिवस जातो. सुरक्षेमुळे भिंतीवर कुणालाही सोडत नाहीत, पण नेहरू उद्यानाच्या बाजूने ती समोर दिसते. उंची १०३ मीटर, साठा १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. पावसाळ्यात ‘कोयनेचे दरवाजे उचलले’ ही बातमी ऐकून कराड-सांगलीच्या लोकांच्या पोटात गोळा येतो, ते दरवाजे हे.

मला सगळ्यांत भावलेली गोष्ट वेगळीच. कोयना पूर्वेकडे वाहणारी नदी. तिचं पाणी कृष्णेत आणि कृष्णेचं बंगालच्या उपसागरात. पण इथे सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून बरंचसं पाणी पश्चिमेला वळवलंय. ते कोकणच्या बाजूला पोफळीकडे शेकडो मीटर खाली कोसळतं, त्यावर वीज तयार होते आणि मग ते वाशिष्ठी नदीने अरबी समुद्राला जातं. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी खालच्या बोगद्यात घेतलं, आपल्याकडे लेक टॅपिंग म्हणून तेव्हा खूप गाजलं होतं. गाडीने कुंभार्ली घाटाच्या माथ्यापर्यंत जाऊन कोकणाकडे बघा. पायाखालच्या डोंगरातून पाणी चाललंय, वर मात्र नुसता वारा.

भूकंपाचीही आठवण तिथे प्रत्येकाकडे आहे. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. दीडशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगरची घरं पडली. जलाशय भरल्यामुळे भूकंपाला चालना मिळते का, या प्रश्नाच्या अभ्यासात जगभर कोयनेचं नाव घेतलं जातं. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आजींना विचारलं, तर त्यांनी स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे हात केला आणि म्हणाल्या, ‘‘भांडी आधी वाजली.’’ आणखी काही बोलल्या नाहीत, आम्हीही पुढे विचारलं नाही.

पाऊस नुकताच संपला असेल तर नवजाजवळचा ओझर्डे धबधबा बघून या.

जेवणाचं काय?

तापोळा आणि बामणोलीला घरगुती जेवण सांगून ठेवलं तरच मिळतं. दुपारचं हवं असेल तर सकाळी सांगा. तलावातला मासा, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, रस्सा. शाकाहारी असाल तर पिठलं, झुणका, घेवड्याची आमटी. वाघ्या घेवडा साताऱ्याकडचाच, परतताना दोन किलो घेऊन या. महाबळेश्वरला मध घ्या. जवळचं मांघर हे मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. कंदी पेढे साताऱ्यातून, हे सांगायला नकोच. गाडीत आमच्याजवळ स्टीलचा डबा, थर्मास, शेंगदाण्याचे लाडू आणि भडंग कायम होतं आणि दोनदा तर त्यावरच जेवण भागलं.

राहायचं कुठे? लग्न झालेलं नसेल तर अडचण येते का?

महाबळेश्वरला हवं त्या दरात मिळतं. तापोळा, बामणोली, कोयनानगरला घरगुती निवास बघा. पैसा गावात राहतो आणि माणसांशी बोलणं होतं. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. पण काही घरमालक आणि लॉजवाले देत नाहीत, हेही खरं. संध्याकाळी दारात वाद घालण्यापेक्षा आधी फोन करून सरळ विचारा. दोघांचीही ओळखपत्रं जवळ ठेवा, ती विवाहितांनाही मागतात.

पेट्रोल, मोबाइलची रेंज, रोख पैसे?

महाबळेश्वर आणि सातारा सोडताना टाकी भरून घ्या, पुढच्या पंपावर विसंबू नका. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर पूर्ण प्रवासाला चाळीस लिटर लागतं. तापोळा आणि बामणोलीच्या खोऱ्यात रेंज येते-जाते. नकाशा आधीच उतरवून ठेवा. पाचशेच्या नोटांबरोबर शंभर-पन्नासचे सुटे असू द्या. नावाड्याला आणि टपरीवर तेच चालतात.

बायकांसाठी स्वच्छतागृहांची सोय आहे का?

महामार्गावर आणि महाबळेश्वर, साताऱ्यात आहे. घाटात आणि तलावांकाठी फारशी नाही. मी जिथे राहिले तिथून निघताना आणि जिथे जेवले तिथे, असा हिशेब ठेवला, पण त्यासाठी पाणी कमी प्यायचं नाही. गावात एखाद्या घरात ‘‘मावशी, जरा जाऊन येऊ का?’’ असं विचारलं तर आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. बऱ्याचदा वर चहाही झाला.

पाच दिवस फक्त दोघंच. कंटाळा येत नाही? भांडणं होत नाहीत?

पहिल्या दिवशी वाईपर्यंत आम्ही फक्त लेकीबद्दल बोललो. जेवली असेल का, खोलीतली मुलगी कशी आहे, वगैरे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर उतरलो, वसईच्या मोहिमेतून आलेली ती मोठी घंटा बघितली, पायऱ्यांवर बसलो, आणि लक्षात आलं की बोलायला दुसरा विषयच नाहीये. घाबरायला झालं, खरं सांगते. त्यावर औषध कुणाकडे नाही, पण रस्ता मदत करतो. समोर काहीतरी येत राहतं आणि त्याबद्दल बोलावं लागतं. धूर निघाला तेव्हा आम्ही भांडलो, चांगलेच. टपरीवर बसून गाडी गार होईपर्यंत दोघंही गार झालो. बामणोलीच्या त्या संध्याकाळी, नावाड्याने आड दाखवल्यानंतर, नवऱ्याने त्याच्या आजोळच्या आडाबद्दल सांगितलं. बावीस वर्षांत त्याने ते मला कधी सांगितलं नव्हतं. त्यात पडलेली घागर काढायला गळ कसा टाकायचे, गळ भांड्याला लागला की कसा आवाज यायचा, ते सगळं. अंधार पडला तरी आम्ही काठावरून उठलो नव्हतो.

फोन सायलेंटवर ठेवा. लेकीला रात्री एकदा केलेला फोन पुरतो.

मोटारसायकलवर जाता येईल का?

येईल, आणि तराफ्यावर तर दुचाकी सहज चढते. धुक्याची आणि ओल्या शेवाळलेल्या रस्त्याची काळजी घ्या, मागे बसणाऱ्यालाही चांगलं हेल्मेट द्या. सामान कमी ठेवा.

शेवटच्या दिवशी कोयनानगरहून थेट पुण्याला यावं का?

उंब्रजमार्गे लवकर पोचाल. पण तसं करू नका, कराडला जा. पाटण-मल्हारपेठच्या रस्त्याने नदी बराच वेळ सोबत असते, आता ती शेतांमधून जाणारी साधी नदी झालेली असते. कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, झाडांची सावली आहे, खाली घाटाच्या पायऱ्या आहेत. तिथे कृष्णा एका बाजूने येते आणि कोयना बरोबर समोरून. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात, मग एकत्र वळून पूर्वेला जातात. पहिल्यांदा कोयना कुठली आणि कृष्णा कुठली हे आमचं चुकलं. शेजारी कपडे पिळणाऱ्या बाईंनी बोट दाखवून दुरुस्त केलं.

दुपारी चारपर्यंत तिथे बसलात तरी चालेल. कराड ते पुणे सुमारे एकशे साठ किलोमीटर आहे. फक्त रविवारी संध्याकाळी साताऱ्याच्या पुढे महामार्गावर कोंडी होते, म्हणून परतीचा दिवस रविवार ठेवू नका. आम्ही पायऱ्यांवर बसून उरलेला भडंग संपवला, डबा नळावर विसळला आणि निघालो.